चार गडवे पेज

वाटीभर भात खायला दवाखान्यातल्या रेणू सिस्टरने मुभा दिली होती. कुंजीलालने तीही नाकारली. त्याच्या मोठ्या भावाचा, बकारामचा, पाय साखरेच्या आजारापायी गुडघ्याखाली कापावा लागला होता. तेव्हापासून साखरेच्या नावानेच हा धिप्पाड माणूस घाबरायचा. स्वतःचीही साखर वाढलेली निघाल्यापासून महिनाभर त्याने भाताकडे ढुंकून पाहिलं नाही. चिचगडकडच्या धानाच्या मुलखात हे म्हणजे अन्नच सोडणं! त्याची बायको चमेली ज्वारीची भाकर आणि भाजी वाढायची, आणि रोज सकाळी त्याच्या पायाची बोटं तपासायची. बोटं शाबूत दिसली की तिच्या जिवात जीव यायचा.

आज मात्र दवाखान्यात रेणू सिस्टरच्या यंत्रावर आकडा उमटला, तीनशे बारा. मागच्या महिन्यापेक्षाही जास्त. रेणू चमेलीकडे वळली.

“काकू, भात बंद आहे ना?”

“एक घासबी नाही खाल्ला जी यायनं.”

“मग शेतात भूक लागली की?”

“भूक कायची? पेज राहते ना. सकाळी दोन गडवे, दुपारी दोन.”

रेणूने पेन खाली ठेवलं. “पेज तांदळाचीच ना, काकू?”

गावात पेजेला कुणी जेवण म्हणत नाही. ती तहानेला प्यायची. उलट, भात सुटल्याने नवरा वाळेल या धास्तीने चमेली हल्ली गडव्यात, पेजेच्या त्या तांब्यात, शितं जास्तच घालत होती. आपल्याच हाताने! रेणूने कुंजीलालला पाय पुढे करायला लावले.

“काका, डोळे मिटा. तळव्याला दोरा टेकवते. लागला की हो म्हणा.”

कुंजीलालने डोळे मिटले. रेणूने नायलॉनचा ताठ दोरा अंगठ्याला टेकवला, मग चवड्याला, मग टाचेला. दुसऱ्या पायालाही तसंच केलं आणि दोरा डबीत ठेवला.

“लावा ना ताई,” डोळे मिटूनच तो म्हणाला. “काऊन थांबल्या?”

जखम नाही, अजून सांभाळता येईल, अनवाणी फिरू देऊ नका, पेज बंद, असं रेणू बरंच काही सांगत होती. चमेलीला त्यातलं अर्धंच ऐकू आलं.

घरी येताच कुंजीलालने सवयीने गडव्याला हात घातला. चमेलीने तो हिसकावून पेज गाईपुढे ओतली. मग त्याच्या पायाशी बसून तळव्याजवळ बोट नेलं.

“डोळे मिटा जी.”

“नाही मिटत.” तिच्या बोटावरची नजर त्याने हलवली नाही. बोट टेकलेलं दिसताच तो घाईघाईने म्हणाला, “लागून राहिलं ना. लागून राहिलं.”