माहिती देणारी क्रमांक एक

बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले, तेही चेटकिणींच्या इतिहासाची. मी निफाडच्या एका कॉलेजात ग्रंथालयात कारकून. बढतीच्या फाइलीला एक प्रमाणपत्र कमी पडत होतं आणि प्रवेश शिल्लक असलेला हा एकच ऑनलाइन कोर्स सापडला. माझा मुलगा हर्षल म्हणाला, यात तुला अभ्यासाची काय गरज. मी त्याला दोन दिवस कोरडा भात वाढला.

चाचण्यांत माझी दाणादाण उडाली. युरोपातल्या खटल्यांच्या सनावळ्या काही केल्या डोक्यात राहिनात. साठपैकी सव्वीस मिळाले. पास व्हायला शंभरात पन्नास हवे, म्हणजे उरलेल्या चाळीस गुणांच्या प्रकल्पात चोवीस. प्रकल्प असा की चेटकीण म्हणून आळ सोसलेल्या, आपल्याच भागातल्या बाईची मुलाखत घ्यायची. त्यात तिची ओळख गुप्त ठेवण्याला पंधरा गुण होते. नाव उघड केलं तर ते पंधरा गेलेच.

बाई शोधायला मला लांब जावं लागलं नाही. सासरच्या गावात, मळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर लंकाबाई एकट्या राहतात. तरुणपणी त्यांनी जावेचं बाळ मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ते तापाने गेलं. एवढ्यावर गावाने निकाल लावला, ही चेटकीण. नवरा, मल्हारी, शेवटपर्यंत त्यांच्या बाजूने उभा राहिला, पण तोही जाऊन आता पंधरा वर्षं झाली.

मी गेले तेव्हा त्या शेळ्यांना पाला टाकत होत्या. मला ओळखून पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

"तुझं पोरगं बरं हाय ना? तान्हं व्हतं तवा मला बघून त्याच्या तोंडावर पदर घातला व्हतास."

घातला होता. सासूने सांगितलं म्हणून घातला, असं म्हणायला जीभ वळवळली. पण पदर माझाच होता. मला इतकी लाज वाटली की वही पिशवीतून काढवेना. त्यांनीच चहा टाकला आणि म्हणाल्या, विचार काय ते.

चार दुपारी मी त्यांच्याकडे बसले. गावाने केलेल्या मारहाणीचं त्यांनी उरकून टाकल्यासारखं सांगितलं. खरं सांगत बसल्या ते नावाचं. त्यांचं नाव तोंडात घेतलं तर घरात आजारपण येतं, अशी गावात समजूत पडली होती. द्राक्षबागेत विरळणीला बायांची टोळी जायची, तेव्हा मुकादम सकाळी एकेकीचं नाव पुकारायचा आणि बाया 'हाय' म्हणायच्या. यांच्यापाशी आला की नुसता बघायचा आणि वहीत रेघ मारायचा. रेशन दुकानात सगळ्यांची नावं पुकारायचे, यांचं कार्ड मुकाट्याने पुढे सरकवायचे. आता तर मशीनवर अंगठा लावला की झालं, त्यामुळे कुणाची अडचणही राहिली नाही.

मी सगळं नीट लिहून काढलं आणि त्यांना वाचून दाखवायला घेऊन गेले. नियमच होता तसा. "माहिती देणारी क्रमांक एक हिने सांगितले की," असं दोन पानं झाल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि ही कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच, मावशी. मग मी त्यांना नियम समजावून सांगितला, गुणांचंही सांगितलं. नाव लपवायचं ते तुमच्याच भल्यासाठी, असंही वर म्हणाले.

लंकाबाई पाल्याच्या काड्या मोडू लागल्या.

"ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांना माझं नाव चांगलं ठावं हाय. ज्यांना ठावं नाय, त्यांच्यापासून लपवून काय करती?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पन राहू दे. तुझे मार्क जाया नको."

मी तणतणत घरी आले. नियमावर चिडले, त्यांच्यावर चिडले, फाइलीवर तर पहिल्यापासूनच चिडलेली होते. कोर्स शिकवणाऱ्या अश्विन सरांना फोन केला. सर पुण्याचे, माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान आणि बोलायला फार मऊ. नाव छापल्यामुळे काही बायकांना पुन्हा त्रास झाला होता, म्हणून हा नियम केला, असं त्यांनी सांगितलं. लंकाबाईंची लेखी संमती असेल तर प्रकल्प मी स्वीकारेन, पण ते पंधरा गुण माझ्या हातात नाहीत, असंही म्हणाले. वाद घालायला मला जागाच ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मळ्याच्या वाटेवर गेले. म्हटलं, मावशी, माझे मार्क चुलीत जाऊ द्या. नाव हवंय की नको, तेवढं सांगा.

"हवंय," त्या म्हणाल्या.

संमतीच्या कागदावर सही करायला त्यांना दहा मिनिटं लागली. मग मी एक्केचाळीस ठिकाणचा 'क्रमांक एक' खोडला.

निकाल लागला. प्रकल्पाच्या बाकी पंचवीसपैकी बावीस आणि गुप्ततेचे शून्य. चाचण्यांचे सव्वीस धरून एकूण अठ्ठेचाळीस, नापास. मला रडू आलं, ते का लपवू? वर्षभर फाइल पुन्हा कपाटात जाणार होती. संध्याकाळी सरांचा फोन आला. ते म्हणाले, "उज्ज्वलाताई, लंकाबाई मल्हारी कातकाडे यांना माझा नमस्कार सांगा." नियम बदलायचा अर्ज त्यांनी समितीकडे दिला होता, पण या निकालाला तो माझ्या उपयोगाचा नव्हता.

सकाळी मी निरोप द्यायला गेले. लंकाबाईंनी आधी निकाल विचारला. दोन कमी पडले, पुढच्या वर्षी पुन्हा बसेन, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मग नमस्काराचं सांगितलं.

"नावानं म्हनले?"

"पूर्ण नावाने."

"कसं म्हनले? म्हन बरं."

सत्तावीस वर्षं मी या गावची सून आहे. मावशी म्हटलं, मनात काय काय म्हटलं. पण त्यांचं नाव त्यांच्यासमोर मीही कधी घेतलं नव्हतं. मी उभी राहिले आणि वाटेवरून जाणाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "लंकाबाई मल्हारी कातकाडे."

त्यांनी पदर नीट केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हाय."