ऊन उतरल्यावर

ॲबरडीनहून परतून आठ दिवस झाले, तरी स्मितानं नवऱ्याशी धरलेला अबोला काही सुटेना. निमित्त एका शालीचं.

लेकीच्या, अस्मीच्या पदवीदानासाठी दोघं स्कॉटलंडला गेली होती. करड्या दगडांचं गाव. ऊन पडलं की चांदीसारखं चमचमणारं. अनिलनं बंदरावर डॉल्फिन पाहिले, समुद्रात घुसलेल्या कड्यावरचा पडका किल्ला पाहिला, बॅगपाइपवर मान डोलावली, तिथले खारट चपटे पाव लोणी थापून रोज चार-चार खाल्ले. खरेदी तेवढी शेवटच्या दिवसावर ठेवली. बावीस वर्षं आखातातल्या रुवैसच्या उन्हात काढलेल्या स्मिताला चौकड्यांची लोकरीची शाल हवी होती. बाकी काही नको.

त्या दुपारी अनिल म्हणाला, "जरा ऊन उतरू दे, मग निघू."

रुवैसची सवय! जुलैत उन्हाचं कोण बाहेर पडतं? पडदे ओढून दोघं आडवी झाली. जाग आली, बाहेर लख्ख ऊन. "अजून उतरलं नाही," म्हणत अनिलनं कूस बदलली. उत्तरेकडचा उन्हाळा तो; रात्रीचे नऊ वाजले, तरी ऊन तसंच. दुकानं मात्र सहालाच बंद झालेली.

"बाबा, यू आर होपलेस," अस्मी हसली होती.

तेव्हापासून स्मिता बोलत नव्हती. पोळ्या लाटताना भिंतीला ऐकवायची:

ऊन मावळेना बाई, कंत सोडीना खाट गं
बंद दुकानात शाल माझी पाहते वाट गं

नवव्या दिवशी, सुट्टीच्या भर दुपारी दोनला अनिलनं बूट चढवले. "चल, हमदुल्लाच्या दुकानात काश्मिरी शाली आल्यात. ऊन-बिन काही बघायचं नाही. यल्ला, निघू या!"

बाहेर सत्तेचाळीस डिग्री. स्टिअरिंग रुमालानं धरावं लागलं. घामाघूम होऊन दोघं दुकानाशी पोचली, तर शटर खाली. एक ते चार बंद. बावीस वर्षं रोज पाहिलेली पाटी!

स्मितानं ओढणी तोंडाशी धरली, तरी हसू फुटलंच.

"अहो, तुम्ही दिसलात की दुकानं शटर ओढतात वाटतं!"

"बोललीस एकदाची! आता शाल राहिली तरी चालेल."

"अशी बरी राहील! चारपर्यंत इथंच बसायचं, गाडीत." मग जरा हळूच, "आणि त्या दिवशी पडदा मीच ओढला होता. ते अस्मीला सांगू नका."

अनिलनं एसी वाढवला. "समोरच्या हॉटेलातून वेलचीचा करक चहा आणू?"

"आत्ता आणताय," स्मिता म्हणाली, "की ऊन उतरल्यावर?"