इंजेक्शनच्या आधीचं रक्त

निळ्या बुचाची नळी, लेबलवर वेळ — अकरा बेचाळीस — आणि खाली वळणदार अक्षरात 'इंजेक्शनपूर्वी'. संशोधकाने चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं. चार वर्षांत एकसष्ट नळ्या आल्या, सगळ्या इंजेक्शननंतरच्या... म्हणजे गांधीलमाशी डसून अंग सुजलेल्या, श्वास कोंडलेल्या माणसाच्या रक्तात कुठली जनुकं खडबडून जागी होतात आणि कुठली डोक्यावरून पांघरूण ओढतात हे शोधायचं, आणि नमुना हाती यायचा तो औषधाने सगळी उलथापालथ केल्यावर. मग रोगाने काय केलं आणि औषधाने काय, सांगणार कोण? वरातीमागून घोडं, आणि त्या घोड्यावर संशोधन.

"आधी माणूस, मग तुमची नळी," तातडीच्या विभागातल्या मोठ्या सिस्टर निवृत्त होईपर्यंत ऐकवत राहिल्या. "तो निळा पडलाय, आणि मी तुमच्यासाठी शीर शोधत बसू?" तो मान डोलवायचा आणि आतल्या आत दातओठ खायचा. दोन मिनिटं, बाई. दोन मिनिटांत काय आभाळ कोसळतं... असं मोठ्याने तो कधी म्हणाला नाही. फक्त त्या विभागात लावलेल्या नोटिशीत लिहिलं: इंजेक्शनआधी रक्त घ्यावे. तिथेही 'शक्य असल्यास' होतं — आणि शक्य कधी झालंच नाही, म्हणून गेल्या महिन्यात एका चिडक्या सोमवारी ते दोन शब्द काढून टाकले. मजकूर कसा सुटसुटीत झाला.

"अशा आणखी चार आण," विभागप्रमुख फोनवर म्हणाले, "मग बघू, कोण आपला पेपर परत पाठवतो ते."

आभार मानायला तो खाली तातडीच्या विभागात गेला. नव्या सिस्टरना रुजू होऊन पंधरवडा झाला होता. त्याला पाहून त्या उजळल्या.

"मिळाली ना नळी, सर? शीर सापडेना हो! सूज केवढी! तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा आलं. पण सोडलं नाही मी."

"इंजेक्शन कधी दिलंत?"

"त्रेचाळीसला. रक्त घेतलं की लगेच."

"आणि तो आला कधी?"

"छत्तीसला. मधे एकदा डोळे फिरवले त्याने. घाबरले मी. पण म्हटलं, सरांनी लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार."

पलीकडच्या खाटेवर तो माणूस सुजल्या ओठांनी बिस्किट खात होता. "माशी बरी," तो बोबडं बोलला, "एकदाच टोचते." बायकोने त्याला गप्प केलं. "तुमच्याकडे सगळं कसं पद्धतशीर आहे, साहेब. आधी तपासणी, मग औषध."

संशोधक हसला. हसू कुठून आलं कोण जाणे. सात मिनिटं... आणि चार वर्षांतला पहिला स्वच्छ नमुना. माणूस जिवंत आहे, मग बिघडलं काय? — हा प्रश्न त्याला फार सहज सुचला.

"सिस्टर, पुढच्या वेळी..."

"आणखी लवकर घेऊ ना, सर?"

'नाही' घशाशी आलं. पण त्याच्या क्षणभर आधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं होतं — सराव झाला की सातची तीन होतील... चार वर्षं तो घाई करणाऱ्यांवर चिडत आला होता. आता समोर चिडण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. राग होता तेवढाच होता, फक्त त्या रागाने आता त्याच्याकडेच तोंड फिरवलं होतं. सिस्टर अजून त्याच्याकडे बघत होत्या, आणि ते 'नाही' अजून आतच होतं.