शिट्टीची वाफ

न्यू एम्डेनच्या स्टेशनावर १९५९ नंतर गाडी थांबलेली नाही. तिथे आता गावाचं छोटंसं संग्रहालय आहे आणि दर गुरुवारी सकाळी मार्लिस ट्याडेन ते उघडते. मार्लिस सत्तरीची, शाळेतून निवृत्त झालेली ग्रंथपाल. तिचे वडील गेरहार्ट हे या स्टेशनचे शेवटचे स्टेशनमास्तर. तिकीटखिडकीशेजारी त्यांचा फोटो लावलेला आहे, अंगात जाकीट, ओठ घट्ट मिटलेले. कुणी विचारलं तर मार्लिस सांगायची, "घरीही असेच असायचे."

त्या वर्षी मे महिन्यात मिनेसोटाहून एक खोकं आलं. तिथल्या एका दातांच्या डॉक्टरला आगगाड्यांचं वेड होतं. दर उन्हाळ्यात तो कॅमेरा गळ्यात अडकवून आयोवाभर रुळांच्या कडेनं हिंडायचा. तो वारल्यावर पुतणीनं त्याची रिळं ज्या त्या गावाला वाटून टाकली. न्यू एम्डेनच्या वाट्याला एकच रीळ आलं. डब्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'जुलै १९५३'. काउंटीच्या ग्रंथालयानं ते संगणकावर उतरवून दिलं आणि गुरुवारच्या कॉफीबरोबर मार्लिसनं ते लावलं.

बघायला व्हर्नन उबेन होता. चाळीस वर्षं मालगाडीवर ब्रेकमन म्हणून काम केलेला, आता संग्रहालयात कंदील पुसायचा आणि आलेल्या पाहुण्यांना नको इतकी माहिती द्यायचा.

फिल्म रंगीत होती, मुकी होती, जेमतेम चार मिनिटांची. आधी नुसता मका, कंबरेएवढा. मग त्या हिरव्यातून वर येणारा काळा धूर.

"आली बघ म्हातारी," व्हर्नन खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "वर्षभरात भंगारात गेली असेल. चाकांच्या दांड्या बघ, काय तेल पाजलंय."

पण मार्लिस इंजिनाकडे बघत नव्हती. फलाटावर एक तरुण बाई उभी होती. पुरुषी विजार, बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, हातात लांब दांड्याचं वेताचं कडं. पुढे कुठे थांबायचं, कुणाला वाट द्यायची, हे गाड्यांचे हुकूम त्या काळी असेच द्यायचे: कागद कड्याला अडकवायचा, कडं उंच धरायचं, आणि धावत्या इंजिनातला माणूस हात घालून ते उचलायचा. दुसरं कडं शेवटच्या डब्यातल्या गार्डासाठी. ते दुसरं कडं धरून, इंजिनाकडे पाठ करून, त्या बाईसमोर एक माणूस उभा होता. अंगात जाकीट.

ते वडील होते. मार्लिसनं त्यांना हलताचालताना पाहिल्याला बेचाळीस वर्षं झाली होती. ते मानेनं हो म्हणाले, टोपी मागे सारली आणि फलाटाच्या टोकाकडे चालत गेले. डावा पाय किंचित बाहेर टाकायची त्यांची ती ढब ती साफ विसरली होती.

"ही बाई कोण?" तिनं विचारलं.

"मला काय ठाऊक? मी रेल्वेत आलो बासष्टला." व्हर्ननचं लक्ष अजून धुरातच होतं. "हुकूम द्यायला बाई होती इथे? तू कधी बोलली नाहीस."

"मलाच माहीत नव्हतं."

घरी कधी त्या बाईचं नाव निघालं नव्हतं. संग्रहालयाच्या कपाटात त्या वर्षीची नोंदवही होती. दुपारभर मार्लिसनं ती चाळली. जवळपास प्रत्येक हुकुमाखाली दोनच अक्षरं होती, ए. के. वडिलांची सही क्वचित कुठे.

पुढचे दोन आठवडे तिनं ती फिल्म घरी नेऊन किती वेळा लावली याची गणती नाही. कडं वर धरण्याआधी ती बाई वडिलांना काहीतरी सांगत होती, चांगली सात-आठ सेकंद. तिचा चेहरा बराचसा कॅमेऱ्याकडे, वडील बाजूनं दिसत होते. काय सांगत असेल? मार्लिसनं आरशासमोर उभं राहून तसे ओठ हलवून पाहिले आणि स्वतःचीच लाज वाटून सोडून दिलं. मग तिला कॉरीन आठवली.

कॉरीन हाफर्मनचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. चौथ्या वर्षी तापात तिचे दोन्ही कान गेले होते. तेव्हापासून ती ओठांवरून बोलणं वाचायची. गावात सगळ्यांना सवय होती, कॉरीनशी बोलायचं तर समोर उभं राहून.

"एवढंच?" कॉरीननं शिवणयंत्र बाजूला सारलं आणि चष्मा बदलला. "मला वाटलं पडदे घेऊन आलीस."

तिनं तो तुकडा तीनदा पाहिला.

"हे बघ, सगळं कुणालाच वाचता येत नाही. अर्धं दिसतं, अर्धं अंदाजानं. प, ब, म ओठांवर एकच." तिचा आवाज सपाट होता, ऐकणाऱ्याला दोन वाक्यांत सवय व्हायची. "ती म्हणतेय, 'समोरची मालगाडी बाजूच्या रुळावर थांबेल.' मग पंधरा मिनिटं, नाहीतर पन्नास. मग म्हणते, 'मागच्या डब्याचं तुम्ही द्या, मास्तर.'"

मार्लिसला हसू आलं, थोडी निराशाही झाली. इतके दिवस तिनं काय काय कल्पना केल्या होत्या, आणि निघाला तो रोजचा कारभार.

कॉरीन मात्र हसली नाही. तिनं तुकडा पुन्हा मागे नेला. "हा माणूस कधीपासून बहिरा होता?"

"कोण? ते माझे वडील आहेत. बहिरे नव्हते."

"मग ही बाई त्याच्याशी असं का बोलतेय?" कॉरीननं पडद्यावर बोट ठेवलं. "एकेक शब्द सुटा करून, तोंड पूर्ण उघडून. कानानं ऐकणाऱ्याशी कुणी असं बोलत नाही. माझ्याशी बोलतात असं. म्हणून तर मला इतकं वाचता आलं. आणि त्याचे डोळे कुठे आहेत बघ. तिच्या तोंडावर."

"ते सगळ्यांकडेच असं रोखून बघायचे. स्वभावच होता."

"बरं. इंजिन बघ आता."

फिल्म मुकी, पण इंजिनाच्या पाठीवर पांढऱ्या वाफेचा एक झोत उसळला. शिट्टी. फलाटावरचं कुत्रं दचकून उडालं. त्या बाईनं खांदे वर घेतले, डोळे मिचकावले. इंजिन वडिलांच्या पाठीमागे तीस पावलांवर असेल. ते तसेच उभे होते. पापणीसुद्धा हलली नाही.

कॉरीन दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावत बसली. मार्लिसनं तो झोत सहा वेळा पाहिला.

परत जाताना तिला गाडी चालवता येईना. तिनं ती धान्याच्या कोठाराजवळ कडेला घेतली. शिष्यवृत्तीचं पत्र आलं ती दुपार तिला आठवत होती. वडील परसात घेवड्याला आळं करत होते, पाठमोरे. तिनं कुंपणापासून ओरडून सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यांचं खुरपं चालूच राहिलं. तिला वाटलं, मुलीनं शिकायला जाणं यांना पसंत नाही. ती आत गेली आणि आईजवळ रडली. आई उठून परसात गेली. थोड्या वेळानं वडील आत आले आणि मातीचे हात न धुता त्यांनी तिचा हात हातात घेतला. तेव्हा तिला वाटलं होतं, आईनं कान उपटले म्हणून आले. पन्नासहून अधिक वर्षं ती हेच धरून बसली होती.

ए. के.चा पत्ता शेवटी व्हर्ननमुळेच लागला. रेल्वेच्या पेन्शनवाल्यांचं एक पत्रक निघतं, त्यातल्या वाढदिवसांच्या यादीत त्याला नाव दिसलं: आर्डिस कोलार, सत्त्याऐंशी, मुक्काम वॉटर्लू. मार्लिसनं फोन केला, आणि मंगळवारी रुबार्बच्या आंबट देठांचं सारण भरून ओव्हनमध्ये 'पाय' भाजून, संगणक काखेत मारून ती वृद्धाश्रमात हजर झाली.

आर्डिस खिडकीशी एकटीच पत्ते लावत बसली होती. बुटकी, ताठ, केस मुलासारखे कापलेले. तिनं मार्लिसला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नाक मास्तरांचं आहे. बस. पाय कसला, रुबार्ब? चांगलं केलंस, इथे नुसती जेली देतात."

फिल्म बघताना ती एकदाच बोलली: "विजार भावाची होती माझ्या." संपल्यावर पत्ते गोळा केले. "विचार काय विचारायचंय ते."

"त्यांना ऐकू येत नव्हतं का?"

"कोण म्हणालं?"

मार्लिसनं कॉरीनबद्दल सांगितलं, वाफेबद्दल सांगितलं. आर्डिसनं पायची बशी पुढे ओढली. मग म्हणाली, "हुशार आहे ती शिंपीण. कंपनीच्या डॉक्टरला जे अकरा वर्षांत कळलं नाही, ते तिला अर्ध्या मिनिटात कळलं."

"तुम्हाला त्यांनी सांगितलं होतं?"

"छे. तिसऱ्या आठवड्यात माझ्या ध्यानात आलं. तारेचं यंत्र कटकट करायचं ना, ते सगळेच तंबाखूच्या डब्यात बसवायचे, आवाज मोठा यावा म्हणून. मास्तरांच्या यंत्राला डबाच नव्हता. मला वाटलं, कमाल आहे. मग एक दिवस पाहिलं. ते यंत्रावर बोट ठेवून बसले होते. डाव्या हाताचं बोट यंत्रावर, उजव्या हातात पेन्सिल. अख्खा हुकूम बोटानं ऐकला, एक अक्षर चुकलं नाही. मी दारात उभी, हे त्यांना कळलंही नाही. वळले तेव्हा चेहरा पांढराफटक."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, कॉफी घेणार का. तोंड मोठं करून म्हटलं." ती जरा हसली. "पण तारेचे दिवस सरत आले होते. हुकूम टेलिफोनवर यायला लागले, आणि टेलिफोन काही बोटानं ऐकू येत नाही. त्यांना कान हवे होते, मला नोकरी. बाईला हुकुमाच्या कामावर ठेवायला दुसरा कुठलाही स्टेशनमास्तर तयार नव्हता. मास्तरांनी मला सगळं शिकवलं आणि साहेबांना लिहिलं, ही पोरगी गेली तर मीही जाईन. धर्मादाय कुणीच केला नाही, ना त्यांनी ना मी."

"आणि कानाची तपासणी?"

"डॉक्टर मागे उभा राहून आकडे कुजबुजायचा. मी समोर फाइली लावत असायची. सात म्हटलं की सात फाइली." आर्डिसनं पायचा घास घेतला. "दोन अंकी आकड्यांना जीव मेटाकुटीला यायचा."

मार्लिसला हसू आवरेना, आणि मग तिनं ते विचारलं जे कॉरीनच्या दुकानापासून तिला सतावत होतं. "धोक्याचं नव्हतं का हे? एक शब्द चुकला असता तर..."

आर्डिसनं काटा खाली ठेवला. "मी होते तोवर नव्हता धोका. गाडी दोन मैलांवर असतानाच त्यांच्या तळपायांना कळायचं. पण एकदा मी तापानं पडले. सकाळी निरोप पाठवला, बदली माणूस दुपारशिवाय येणार नव्हता. मास्तर एकटे. काय केलं माहीत आहे? सिग्नल लाल केला, आणि पक्कड घेऊन टेलिफोनची वायर स्वतःच्या हातानं तोडली. कंट्रोलवाल्याला तारेनं कळवलं की टेलिफोन बंद आहे, हुकूम जुन्या पद्धतीनं पाठवा. तिथे यंत्र कटकटायला लागलं, पण ते समजणारा एकच म्हातारा उरला होता, त्याला घरून उठवून आणलं. सगळ्या गाड्या तीन तास उशिरा. मास्तर बोट ठेवून बसले आणि एकेक हुकूम उतरवला. वरून पत्र आलं, ठपका ठेवला, बढती गेली. पण अर्धवट ऐकून अंदाज करायचा, हे त्यांनी एकदाही केलं नाही. अंदाजानं माणसं मरतात, म्हणायचे."

बाहेर बागेत कुणीतरी नळी धरून झाडांना पाणी घालत होतं.

"आईला माहीत होतं," मार्लिस म्हणाली. ते प्रश्नासारखं आलं नाही.

"होतं."

"मग मला का नाही सांगितलं? स्टेशन बंद झाल्यावर तरी सांगायचं. तेव्हा कसली भीती होती?"

आर्डिसनं बशी बाजूला सारली. "मीही एकदा विचारलं होतं. तू असशील पाच-सहा वर्षांची, मी आत टेलिफोनपाशी, तुला आठवायची नाही. शाळेतून सुटलीस की स्टेशनात यायचीस, पुस्तकं छातीशी, आणि तुझी टकळी चालू. म्हणाले, तिचं मला अर्धंसुद्धा समजत नाही. पण सांगितलं तर ती माझ्याशी सावकाश बोलायला लागेल. तशी ती भरभर बोलताना बघायला मला आवडतं."

मार्लिसनं पिशवीतून रुमाल काढला आणि बराच वेळ तो हातातच धरून ठेवला. आर्डिसनं पत्ते पिसले, दोघींना वाटले, आणि त्यांनी चार डाव खेळले. तीन आर्डिसनं जिंकले.

"लोकांना सांगू का मी हे?" निघताना मार्लिसनं विचारलं.

"सांग की. आता आमची पेन्शन कापायला कोण येतंय?"

दुसऱ्या दिवशी मार्लिस कॉरीनच्या दुकानात गेली, समोरच्या स्टुलावर बसली आणि सगळं सांगितलं. कॉरीननं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी तिनं एकच विचारलं, "कुठलं बोट?"

मार्लिसला माहीत नव्हतं. तिनं तिथूनच वॉटर्लूला फोन लावला.

"करंगळीजवळचं," आर्डिस म्हणाली. "बाकीच्यांना घट्टे होते."

गुरुवारी व्हर्ननने संग्रहालयातलं जुनं तारेचं यंत्र काचेतून बाहेर काढलं, त्याला बॅटरी जोडली आणि कुरकुरत बटणाशी बसला. "मला काही ही लिपी येत नाही बरं का. कागदावर बघून वाजवतो. चुकलं तर हसू नका." मार्लिसनं डोळे मिटून यंत्रावर बोट ठेवलं. पितळेची पट्टी बोटाखाली टुकटुकत होती, कधी लगेच, कधी जरा थांबून. तिला काहीच कळलं नाही, सगळं एकात एक मिसळून गेलं. पण ते अंगभर जाणवत होतं, मनगटापर्यंत.

मग दुकान बंद ठेवून आलेली कॉरीन बसली. पहिल्यांदा तिनं कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्यांदा मान वाकडी केली. तिसऱ्या खेपेला तिनं दुसऱ्या हातानं टेबलावर तसाच ठेका धरला, तुटक, बरोबर जिथल्या तिथे थांबे घेत.

व्हर्ननने कागदाकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे.

"पुन्हा," कॉरीन त्याला म्हणाली. "आणि घाई करू नकोस."