शालिग्राम मास्तरांचं ताश्कंद

शालिग्राम मास्तरांना ताश्कंदला जायचं नव्हतं. साफ नव्हतं. पण हे सांगणार कोणाला? जळगाव जामोदच्या शाळेत इतिहास शिकवणारा हा माणूस. बाबराला खैबर खिंडीतून उतरवायचं असलं की टेबलावर असा हात आपटायचा, की शेजारच्या वर्गातलं गणित थांबायचं. पोरांना वाटे, मास्तर घोड्यावरच जन्मले असतील. आणि अहो, हेच मास्तर राजूरच्या घाटात एस.टी. वळायला लागली की डोळे मिटून पुढच्या सीटची दांडी धरून बसायचे. सपाटी आल्याशिवाय डोळे उघडण्याची छाती नव्हती त्यांची.

भानगड सुरू केली ती मुख्याध्यापक गुलाबरावांनी. नागपूरच्या कुठल्याशा रशिया-मैत्री मंडळाला त्यांनी अर्ज धाडला आणि मंडळानं खरंच ही शाळा निवडली. मे महिन्याच्या सुटीत तीन विद्यार्थी आणि इतिहासाचा शिक्षक, विमानानं थेट ताश्कंद. तैमूर-बाबराचा मुलूख डोळ्यांनी बघायचा, खर्च सगळा मंडळाचा. अट एकच, तिघांत एक मुलगी हवी, नाहीतर मान दुसऱ्या शाळेला. दोन मुलांच्या घरून होकार आला. मुलगी निवडली ती कोकिळा. दहावीतली, पुंजाजी माळ्यांची. बाकीच्या मुलींच्या घरून आधीच नकार आला होता, आणि हिच्या घरचं उत्तर अजून यायचं होतं.

हे साल सदुसष्टचं. तेव्हा ताश्कंद म्हटलं की गावाला एकच आठवायचं. मागच्या वर्षी शास्त्रीजी तिथं गेले, करारावर सही केली, रात्री झोपले ते उठलेच नाहीत. त्यावर कडी म्हणजे पुढं उन्हाळ्यात भूकंप झाला आणि त्या शहरातली घरंच्या घरं बसली. मास्तर नकाशावर पोरांना प्रवासाचा मार्ग दाखवायचे, आणि काठीचं टोक ताश्कंदावर टेकलं की झटकन मागं ओढायचे. घास गिळवेना. डोळा लागला की विमान पडायचं. आणि या सगळ्याहून मोठं भेव निराळंच होतं. पोरीला तिकडं काही झालं तर तिच्या आईसमोर एकट्यानं जाऊन उभं राहायचं, आणि बोलायचं काय? एवढं मनात आलं की भर थंडीत त्यांचा सदरा भिजायचा.

आशा होती ती त्या आईचीच. झुंबरबाई म्हणजे अशी बाई, की बाजारात वांग्यांचा भाव एकदा सांगितला म्हणजे तहसीलदार आला तरी उतरायची नाही. ही काही पोरगी धाडत नाही, असं मास्तरांनी मनाशी धरलं. तिनं नाही म्हणावं, मंडळानं दुसरी शाळा बघावी आणि आपण सुटावं. कोकिळेचं वाईट वाटत होतं, नाही असं नाही. तरी एका दुपारी स्वारी पुंजाजींच्या मळ्यात पोचली.

पुंजाजी मेथीला पाणी देत होते. घरातलीले विचारा, म्हणून त्यांनी बांधावरूनच हात वर केले. मळ्यातल्या घरी झुंबरबाईनं मात्र खोदून खोदून विचारलं. खायला काय मिळतं, सोबत कोणी बाईमाणूस आहे का, पोरगी निजणार कुठं. मास्तरांनी काही लपवलं नाही. उलट भूकंप असा रंगवला की बाबराची स्वारी फिकी पडावी. बाई ढिम्म हलली नाही. सगळं ऐकून घेतलं, उठली आणि देवघरातून ताटली घेऊन आली. ताटलीत बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा.

"उचला मास्तर. नेतो तशीच आनून देईन म्हना."

बेलभंडारा! वर्गात मास्तरांनी तो किती शूरांच्या हाती दिला होता, त्याला गणती नाही. आज स्वतःचा हात गुडघ्यावरून सुटेना. दाराशी कोकिळा उभी होती. तिची नजर त्या हातावर खिळली होती. खोटी शपथ घ्यावी तर देवाचं भेव, खरी घ्यावी तर ताश्कंदचं. शाळेतली भाषा पार गळून पडली.

"मले नाही उचलता येत, बाई. मीच भेऊन राह्यलो. इमानाले भेतो, त्या गावाले भेतो. तुमी नाही म्हनसान अन् मी सुटीन, म्हनून आलो होतो."

कोकिळा आत निघून गेली. भुईनं पोटात घ्यावं असं मास्तरांना झालं. झुंबरबाईनं विचारलं, सगळ्यात जास्त कायचं भेव लागते? तेव्हा त्यांनी सांगून टाकलं की पोरीवाचून या अंगणात परत यायचं.

बाईनं ताटली बाजूला सरकवली.

"काल तुमचे मोठे मास्तर आले होते. मी ताटली ठेवली न ठेवली तं त्यायनं भंडारा उचललाबी, अन् हात झटकून चहा प्याले. तवाच मी मनात म्हनलं, याच्या भरोशावर पोरगी धाडाची नाही. तुमी भेता. तुमाले तिथं तिच्यापाई झोप लागनार नाही. न्या पोरीले."

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. नाही म्हणायला आता जागाच उरली नव्हती. भेव तसूभरही कमी झालं नाही, उलट मुक्कामालाच आलं. कोकिळा आतून धावत आली, डोळे पुसायचंही तिला सुचलं नव्हतं, आणि तिकडं थंडी किती असते म्हणून विचारू लागली. दोन स्वेटर घे, असं मास्तर म्हणाले खरे, पण मे महिन्यात तिकडं काय असतं ते त्यांना कुठं ठाऊक होतं?

ते निघाले तशी झुंबरबाई बांधापर्यंत सोबत आली. शाळेत गेला महिनाभर हार, फोटो आणि शाळेचं नाव यांपलीकडं कोणी बोललं नव्हतं. कोणी कॅमेरा आणायला सांगितला होता, कोणी घड्याळ.

"मास्तर," बाई म्हणाली, "तुमीबी वापस येजा."

मास्तरांनी मान हलवली, चार पावलं टाकली, आणि तुरीच्या आडोशाला जाऊन पोटभर रडले.