पाहुण्यासाठी भरलेली भेग

"काकू, क्रॅक कुठंय?"

विमा कंपनीकडून पाहणीला आलेल्या यशोवर्धननं अवलक्कीची, म्हणजे आमच्या इकडच्या पोह्यांची, दुसरी बशी संपवून विचारलं. माझी बायको, वासंती, पदराला हात पुसत हसली.

"दिसत नाही ना? काल दिवसभर खपले मी. उलथन्यानं पुट्टी भरली, वर रंगाचा हात मारला. पाहुणा माणूस घरी येणार, त्याला भेगाळलेली भिंत कशी दाखवायची?"

मी आदल्या दिवशी जयनगरला बहिणीकडे गेलो होतो आणि नेमका या पोराबरोबरच घरात शिरलो होतो. गप्पांच्या नादात भिंतीकडे बघितलंच नाही. आता बघितलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पण परक्यासमोर बोलणार काय? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तीन वर्षांचं घर हो! यशवंतपूरच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर उभा राहिलो, तेव्हा कुठं के. आर. पुरमला हा फ्लॅट झाला. आणि हॉलच्या भिंतीत छतापासून खिडकीपर्यंत बोट जाईल अशी भेग. बिल्डर म्हणे, "स्वल्प ॲडजस्ट करा, अण्णा." विम्याचा क्लेम मंजूर झाला तरच आमची भिंत दुरुस्त होणार होती.

"काका, आधीचे फोटो असतील ना?" पोरगा पुण्याचा, स्वभावानं चांगला.

"नाहीत." भेग काय पळून जाणार आहे, असं म्हणून मीच काढले नव्हते.

"मग प्रॉब्लेम आहे. मला जे दिसतं तेच रिपोर्टमध्ये लिहावं लागतं. सॉरी, काकू."

तो गेला आणि मी तोंड सोडलं. "केलंस कल्याण! घर घालवलंस तू!" फोटोंचा विषय मी काढलाच नाही. पुढे दीड महिना वासंती त्या भिंतीजवळून मान खाली घालून जायची. वेळेवर जेवायला वाढायची, माझ्या गोळ्या हातात द्यायची, बोलायची मात्र नाही. तेवढ्या दिवसांत पुट्टीही तडकली, भेग पुन्हा वर आली आणि मी रोज मागे लागल्यावर बिल्डर एकदाचा इंजिनियर पाठवायला तयार झाला.

मग कंपनीचं पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं. गुपचूप कपाटात टाकलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण पाय स्वयंपाकघराकडे वळले.

"नाही म्हणाले."

तिचा हात थांबला. "माझ्या पुट्टीमुळं ना?"

"पुट्टीचं नावसुद्धा नाही यात. बांधकामातच दोष असेल तर आपल्या पॉलिसीत काही मिळत नाही, म्हणे. भेग उघडी दिसली असती तरी नाहीच म्हणाले असते."

"खरंच? बरं झालं बाई!" ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. मग तिथंच ओट्याला धरून रडायला लागली. विमा गेला आणि माझ्या बायकोला सुटल्यासारखं वाटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलो मी, वासंती. फोटो मी काढायला हवे होते."

तिनं नाक पुसलं. "उद्या बिल्डरचा इंजिनियर येणारे ना?"

"येतो म्हणालाय."

"सरी, बरं. येऊ दे. या खेपेला मी दाखवते त्याला."

तिनं उलथनं घेतलं, स्टुलावर चढली आणि उरलेली पुट्टी खरवडायला लागली. मी खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि स्टूल धरून उभा राहिलो.