रुळाखालच्या मोरीचे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी एक जुनी मोरी आहे. न्हाणीघरातली नव्हे. रेल्वेच्या रुळाखालून एका बाजूचे पाणी दुसऱ्या बाजूला जावे म्हणून बांधतात, ती मोरी. गाडी माझ्या डोक्यावरून जायची आणि पाणी माझ्या पोटातून. गाडीला लोक हात दाखवत, पाण्याची वाट बघत, पण मोरीची विचारपूस कोण करणार? आता मात्र आमच्या गावात माझे नाव लहानथोरांच्या तोंडी आहे, आणि ते वाईट कारणाने आहे. मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते. माझे ऐकून घ्या आणि मग काय ते ठरवा.

माझा जन्म इंग्रजांच्या काळातला. गोंदियाहून धानाच्या गावांकडे एक छोटी लाइन काढायचे ठरले. सगळा मुलूख सखल, जिकडे पाहावे तिकडे बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेते, आणि तळी. म्हणून मातीचा उंच भराव घातला आणि त्यावर रूळ टाकले. पण भराव घातला की पाणी अडते. वरच्या अंगाच्या बांध्या बुडतात आणि खालच्या कोरड्या राहतात. ते होऊ नये म्हणून छत्तीसगडातून आलेल्या गवंड्यांनी मला बांधले. विटा इथल्याच मातीच्या, इथेच भाजलेल्या. चुन्यात गुळाचे पाणी घालून तो बैल जुंपलेल्या घाण्यात मळला होता. कमान पुरी झाली तेव्हा एक म्हातारा गवंडी माझ्या पोटातून वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि बाहेर येऊन बिडी पेटवून बसला. मी पास झाले होते.

त्यानंतर मी कितीतरी वर्षे इमानाने काम केले. वरून तांदळाचे डबे गेले, बांबू गेला, तेंदूपत्त्याची पोती गेली. नवऱ्या मुली गेल्या, कोर्टकचेरीची माणसे गेली, शिकणारी पोरे गेली. खालून तळ्याचे वाढीव पाणी गेले, मासे गेले, बेडूक गेले. एका वर्षी असा पूर आला की रुळाला पाणी टेकले. भराव जागोजाग खचला, पण माझ्या आजूबाजूचा तसूभर हलला नाही. तेव्हा गावच्या बायका आल्या, मला कुंकू लावले आणि नारळ फोडला. पुढे कितीतरी वर्षे रोवणीआधी, म्हणजे धानाच्या लावणीआधी, मला नारळ मिळायचा. खोबरे पोरे खायची, मान माझा असायचा.

माझी खरी काळजी घेतली ती चैतरामने. हा रेल्वेचा गँगमन. पावसाळ्याआधी तो फावडे आणि लांब बांबू घेऊन यायचा. कमरेपर्यंत वाकून माझ्या पोटातला गाळ, झाडाची मुळे, सापाच्या काती, सगळे ओढून बाहेर काढायचा. काम करताना तो माझ्याशी बोलायचा. "काय व माय, काय काय खाऊन बसली?" असे म्हणायचा. मला राग येत नसे. जो पोट साफ करतो त्याला बोलायचा हक्क असतो.

दुसरे माझे माणूस म्हणजे सोनिका. भोजराजची मुलगी. भोजराजची बांधी माझ्या वरच्या अंगाला अगदी लागून आहे. तो आणि त्याची बायको मुन्नीबाई रोवणीला लागले की लहानग्या सोनिकाला माझ्या कमानीच्या सावलीत बसवून जात. ती माझ्या तोंडात डोके घालून आपल्याच नावाने हाका मारायची आणि मी ते नाव परत द्यायचे. मग ती हसायची. मोठी झाल्यावर ती याच गाडीने वरच्या वर्गाच्या शाळेला जाऊ लागली. माझ्यावरून गाडी जाताना खिडकीतून खाली बघायची. मला कळायचे.

मग तो रोगाचा काळ आला. तुम्ही शाळा घरी बसून शिकलात तो. सगळ्या गाड्या थांबल्या, तशी आमचीही थांबली. तात्पुरती बंद, असे सांगितले. मोठ्या गाड्या पुढे एकेक करून सुरू झाल्या. आमची तात्पुरती बंद ती बंदच. चैतरामची बदली मोठ्या लाइनवर झाली. जाताना तो माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "येतो व माय. गाडी सुरू झाली का येतोच मी." आला नाही. तो नोकरीला बांधलेला माणूस, त्याला मी फार दोष देत नाही. थोडा देते.

चैतराम गेला आणि माझे हाल सुरू झाले. रुळावर गवत वाढले. माझ्या तोंडाशी बेशरमाची झुडपे माजली. गावाला मी आयता उकिरडा मिळाले. धानाचे सडके तणस माझ्यात, फुटक्या बाटल्या माझ्यात, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या प्लास्टिकच्या पन्न्या तर विचारू नका. ज्या बायकांच्या सासवांनी मला कुंकू लावले होते, त्या केरसुणीने कचरा लोटून निघून जात. गणपतीचे निर्माल्यसुद्धा माझ्याच पोटात. देवाचे आहे म्हणून मी गप्प बसायचे की काय? दोन पावसाळ्यांत माझा घसा पुरता बुजला.

इकडे सोनिका बारावी झाली. गोंदियाला नर्सिंगच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. साऱ्या टोल्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, पहिलीच पोर. भोजराज खूश झाला, पण त्याने एक अट घातली. "रोज घरी येशीन तं शिक. शहरात खोली करून राहायचं नाही." गावाला बस येत नाही. जीप फक्त बाजाराच्या दिवशी. म्हणजे तिचे शिकणे गाडीवर आले. आणि नेमकी तेव्हाच बातमी आली की पोळा झाल्यावर रेल्वेचे साहेब लोक रुळावरून चालणाऱ्या ट्रॉलीने येणार, लाइन तपासणार. रूळ आणि भराव धड असला तर सकाळी एक आणि संध्याकाळी एक गाडी पुन्हा सुरू होणार. सोनिका रोज भरावावर येऊन रुळावरचे गवत उपटायची. तिच्या हाताला कापले तरी उपटायची.

मग श्रावणात पाऊस लागला, थांबेचना. सोनिका कागदपत्रे द्यायला गोंदियाला गेली होती, ती मावशीकडेच अडकली. इकडे तळे भरून वाहू लागले. चोरखमारा तलावाच्या कालव्याचेही पाणी वर चढले. सगळे माझ्यापाशी आले आणि थांबले, कारण माझे पोट गच्च भरलेले. भोजराजची नुकतीच रोवलेली बांधी बुडाली. शेंडेसुद्धा दिसेनात. पलीकडे खालच्या अंगाला गावच्याच सुकरामची बांधी मात्र पाण्यासाठी आ वासून होती, कारण माझ्यातून जाईल तेच पाणी तिला मिळायचे.

दुपारी भोजराज आणि सुकराम फावडी घेऊन भरावावर आले. सोबत मुन्नीबाई आणि आणखी चार घरची माणसे. मुन्नीबाई म्हणाली, "अजी, आधी मोरी तं मोकळी करून पाहा. बांबू घालून पाहा ना."

"त्यात घुसन कोन?" भोजराज म्हणाला. "साप असतेत, काचा असतेत."

सुकराम म्हणाला, "पन भाऊ, रेल्वेचा बांध होय थो. आपला धुरा नाही."

"धुराच समज. तोंड पाडू, पानी उतरलं का भरून टाकू. सध्या कोनती गाडी येऊन राहिली?"

मित्रांनो, हे लोक वाईट नाहीत. धानाचा शेतकरी रोज धुऱ्याला, म्हणजे बांधीच्या कडेच्या मातीच्या बांधाला, तोंड पाडतो आणि संध्याकाळी त्याच फावड्याने ते बुजवतो. त्याच्या हाताला ती सवयच आहे. पण धुरा गुडघ्याएवढा असतो आणि रेल्वेचा भराव दोन पुरुष उंच. ते फावडे घालत होते, सुकरामही घालत होता, आणि मी बाजूला जागी होते. माझ्या काचा लागतील म्हणून भिणाऱ्यांनी त्या काचा माझ्यात कोणी टाकल्या हे एकदा तरी आठवायचे होते. पाण्याला वाट मिळाली तसे त्याने ती आपली आपण रुंद केली. बैलगाडी उतरेल एवढे भगदाड पडले. वर रूळ लोंबकळत राहिले. पाणी उतरले, दोन्ही बांध्या वाचल्या आणि सगळे घरी जेवायला गेले.

भरून टाकू म्हणाले होते. रोवणी संपायची होती, मग निंदण आले, मग खत आले. उद्या भरू, परवा भरू. सोनिका परत आली आणि भगदाड बघून हे कसे झाले म्हणून विचारत सुटली. तिला सांगण्यात आले की पुराने बांध फुटला. सहा घरांच्या बांध्या वाचल्या होत्या, म्हणून सहा घरांची तोंडे बंद होती. मुन्नीबाईचेही.

पोळा झाला आणि ट्रॉली आली. सोनिका धुतलेले कपडे घालून भरावावर उभी होती. ट्रॉली भगदाडापाशी थांबली. साहेब उतरले, खाली वाकून बघितले.

"ये कैसे टूटा?"

सुकराम भोजराजच्या कानाशी पुटपुटला, "भाऊ, खरं सांगितलं तं केस होते." भोजराजचा चेहरा उतरला. एक वेळ वाटले, हा खरे बोलेल. मग त्याने माझ्याकडे बोट केले.

"साहब, मोरी खराब थी. अंदर से बैठ गयी. उसी से बांध बह गया."

साहेबांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. तिथे बेशरम, चिखल आणि पन्न्या. अशा मोरीबद्दल काहीही सांगा, खरेच वाटेल. आत कोणी वाकून बघितले नाही. बघितले असते तर माझी एक वीट सरकलेली नाही हे दिसले असते. साहेब म्हणाले, मिट्टी का काम होता तो चार दिन में भर देते. मोरी ही बैठ गयी तो नयी बनानी पड़ेगी, इस लाइन पर इतना खर्चा कौन करेगा. आणि ट्रॉली आल्या वाटेने परत गेली.

बघा मित्रांनो, मातीचे काम चार दिवसांचे होते. खरे बोलला असता तर कदाचित दंड झाला असता, चार बोलणी बसली असती, पण गाडी सुरू झाली असती. एका खोट्याने लाइन गेली.

सोनिका म्हणाली, "बाबूजी, आता?"

"आता काय. मोरीनं दगा देला."

मी. मी दगा दिला. इतक्या वर्षांत ज्या भोजराजच्या बापाची, आजाची बांधी मी बुडू दिली नाही, त्याने हे म्हणावे. मला पाय असते तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते.

सगळे गेल्यावर सोनिका खाली उतरली. माझ्यासमोर आली. मग म्हणाली, "एकच काम होतं तुयं. थेबी नाही जमलं तुले." एवढेच म्हणाली आणि वळली. मी सांगते, तो जुना पूर परवडला.

पुढचे थोडक्यात सांगते. लाइन कायमची बंद झाल्याचा कागद आला. ठेकेदाराची माणसे येऊन रूळ कापून घेऊन गेली. लोखंडाला भाव होता. मला कोणी नेले नाही, माझ्या विटांना काही किंमत नाही. सोनिकाची कॉलेजातली जागा दुसऱ्या मुलीला गेली. आता ती आईबरोबर रोवणीला वाकते, आणि तिला बघायला पाहुणे येऊन जातात. माझ्यासमोरून जाताना ती मान फिरवते. गावातली पोरे मला दगड मारतात आणि म्हणतात, हीच ती मोरी, हिच्यामुळे गाडी गेली.

यंदा रोवणीच्या दिवसांत, भर दुपारी, भोजराज एकटाच येऊन माझ्या कठड्यावर बसला. बायका खालच्या बांधीत रोवत होत्या, सोनिकाही त्यांच्यात होती. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. त्याने बिडी पेटवली, ती तशीच विझली. मग माझ्या विटांवर हात ठेवून हळूच म्हणाला, "तुयं नाव घेतलं मी. तुयी काही चूक नोहोती." मला वाटले, आता हा उठेल, त्या बांधीत उतरेल आणि पोरीला सांगेल. तो उठलासुद्धा. दोन पावले गेला. मग परत वळला आणि मला म्हणाला, "सोनिकाले मात्र सांगजो नोको."

मला सांगतो. मुक्या मोरीला.

मित्रांनो, मोरीत कचरा टाकू नका, हे तर मी सांगणारच. पावसाळ्याआधी एकदा वाकून तिच्या पोटात बघा, हेही सांगते. कधी नाइलाजाने काही तोडावे लागले तर तोडा, पण तोडले ते आपणच, असे म्हणायची हिंमत ठेवा. आणि माफी मागायची तर ज्याचे नुकसान केले त्याच्याजवळ जाऊन मागा, विटांजवळ नाही.

आणि तुम्हाला तर बोलता येते. कधी आमच्या बाजूला आलात, तर त्या बांधीत एक मुलगी वाकलेली दिसेल. तिच्या बापाने तिला सांगितलेले नाही. तुम्ही सांगा.